एका पित्याची लाखो लेकरे

नाताळची सुट्टी सरली. नेवऱ्यांचा डबा रिकामा झाला, गव्हाणीतील मूर्ती कापसात गुंडाळून पुन्हा पेटीत गेल्या आणि घरात नेहमीची शांतता आली. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या मुद्रेवर मात्र त्या दिवशी शांतता नव्हती. प्लेस्टेशन ४ ह्या यंत्रावर खेळावयाच्या एका व्हिडिओ गेमची तबकडी त्याने वर्गमित्राकडून चार दिवसांच्या बोलीने आणली होती. ती वेष्टनाबाहेर राहिली, कोणीतरी तिच्यावर पुस्तके सरकविली आणि तिच्या चकचकीत अंगावर बोटभर लांबीचा चरा उमटला.

"मामा, टूथपेस्ट लावून घासू का?" असे त्याने प्रथम विचारले. आम्ही त्याला थांबविले. मग ती तबकडी प्रकाशात तिरपी धरून तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "अशा लाखो तबकड्या निघतात म्हणे. मग प्रत्येकीवर एवढा मोठा खेळ लिहीत कोण बसतो?"

प्रश्न रास्त होता. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशा तबकड्या असतील, आणि त्या कशा तयार होतात हे विचारणारी मुलेही असतील. म्हणून ह्या आठवड्यात तोच विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारखान्यात ह्या तबकड्या लिहिल्या जात नाहीत. त्या दाबून काढल्या जातात. घरच्या संगणकावर कोरी तबकडी घालून तिच्यावर किरणाने एकेक अक्षर उमटविता येते, पण त्या रीतीने दहा लाख प्रती काढावयाच्या तर काळ पुरणार नाही. आपल्या घरातील स्त्रिया नाताळात काजूचे मार्झिपान करतात तेव्हा प्रत्येक शिंपला हाताने कोरीत बसत नाहीत. साच्यात गोळा दाबतात आणि शिंपला बाहेर काढतात. खेळाच्या तबकडीची युक्ती मुळात हीच आहे. फरक एवढाच की, साच्यातील शिंपल्याच्या रेघा डोळ्यांना दिसतात, आणि तबकडीवरील रेघा सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत.

ही युक्ती नवीनही नाही. ग्रामोफोनच्या तबकडीचा जनक एमिल बर्लिनर हा १८५१ साली जर्मनीतील हॅनोव्हर नगरीत जन्मला, आणि १८९८ साली त्याच नगरीत त्याच्या तबकड्या दाबण्याचा कारखाना निघाला. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान ह्यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा त्याच्या तबकड्या हॅनोव्हरलाच दाबल्या गेल्या आणि बोटीने हिंदुस्थानात आल्या. कलकत्त्यात असा कारखाना निघण्यास १९०८ साल उजाडले. पुढे लेझर किरणाने वाचावयाची काँपॅक्ट डिस्क निघाली. तिच्या प्रती कारखान्यातून प्रथम बाहेर पडल्या त्याही हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन गावी, १७ ऑगस्ट १९८२ रोजी. आजोबांचा ग्रामोफोन आणि नातवाचा खेळ ह्यांचे कूळ असे एकाच गावाशी जाऊन मिळते.

व्हिडिओ गेम तबकडीवर आले ह्याचे कारण व्यवहारी होते. त्यापूर्वी खेळ विद्युत्-चकत्या बसविलेल्या डबीतून, म्हणजे कार्ट्रिजमधून, विकला जाई. ती डबी महाग पडे, तिची मागणी पुष्कळ आधी नोंदवावी लागे, आणि मालाचा अंदाज चुकला तर नुकसान मोठे होई. तबकडी स्वस्त होती, तिच्यात जागा कितीतरी अधिक होती, आणि बाजारात माल संपला तर थोड्या दिवसांत पुन्हा दाबून घेता येई. सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीस आले ते काँपॅक्ट डिस्क घेऊनच. २००० साली दुसरे आले ते डीव्हीडी घेऊन, आणि २००६ साली तिसरे आले ते ब्लू-रे तबकडी घेऊन. ह्या तिन्ही तबकड्या १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या. बाहेरून पाहिले तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. अंतरंग मात्र वेगवेगळे.

त्या अंतरंगात काय असते? जिलबीच्या वेढ्याप्रमाणे आतून बाहेर जाणारी एक अखंड रेघ असते, आणि तिच्यावर लहानमोठे खळगे असतात. खळगा आणि सपाटी ह्यांच्या क्रमातून शून्य आणि एक हे दोन अंक वाचले जातात, आणि त्या दोन अंकांतूनच खेळातील रस्ते, माणसे, गाणी सर्व काही उभे राहते. काँपॅक्ट डिस्कवर दोन वेढ्यांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघे १.६ पट असते. डीव्हीडीवर ते ०.७४ पट आणि ब्लू-रेवर ०.३२ पट. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत ब्लू-रेचे सुमारे दोनशे वेढे मावतात. ही रेघ उलगडून सरळ केली, तर काँपॅक्ट डिस्कची पाच किलोमीटरांहून थोडी अधिक, डीव्हीडीची अकरा-बारा आणि ब्लू-रेची सुमारे सत्तावीस किलोमीटर भरेल. म्हणजे पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांपाशी एक टोक धरले, तर डीव्हीडीचे दुसरे टोक म्हापशाच्या जवळपास पोहोचेल, आणि ब्लू-रेचे टोक मडगावच्या वाटेवर बरीच मजल मारील.

आता कारखान्यात जाऊ. युरोपसाठी आणि आपल्याकडे येणाऱ्याही पुष्कळ प्लेस्टेशन-तबकड्यांवर त्या ऑस्ट्रियात निर्माण झाल्याची अक्षरे आढळतात; साल्झबुर्ग नगरीजवळ थालगाऊ येथे सोनीचा हा कारखाना आहे. तेथे काम सुरू होते ते खेळाच्या अखेरच्या, मान्य झालेल्या प्रतीपासून. खेळ रचणारे महिनोन् महिने चुका शोधतात, मग यंत्र बनविणारी कंपनी स्वतः तपासणी करते, आणि तिची मान्यता मिळाल्यावर ती प्रत कारखान्याकडे जाते. ह्या प्रतीला त्या धंद्यात 'गोल्ड मास्टर', म्हणजे सुवर्णप्रत म्हणतात.

पुढील काम धुळीचा कणही नसलेल्या खोलीत चालते. माणसे डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली असतात, कारण येथे आपल्या अंगावरून गळणारा कोंडाही शत्रू ठरतो. आरशासारखी घासलेली एक जाड काच घेऊन तिच्यावर प्रकाशाने बदलणारा अतिशय पातळ लेप देतात. काच फिरत असते आणि लेझरचा किरण आतून बाहेर सरकत, सुवर्णप्रतीतील अंकांप्रमाणे पेटत-विझत त्या लेपावर पडतो. नंतर रसायनाने धुतले की जेथे किरण पडला तेथील लेप विरघळून जातो व खळगा उरतो. फोटोग्राफर जुन्या काळी काळ्या खोलीत जे करीत असे, त्याचाच हा प्रकार. ब्लू-रेसाठी खळगे इतके बारीक लागतात की, तेथे काचेऐवजी सिलिकॉनची चकती आणि वेगळा लेप वापरतात.

ह्यानंतरच्या पायरीने आमच्या मनात घर केले आहे. त्या काचेवर धातूचा झिरझिरीत थर चढवून ती निकेलच्या द्रावणात ठेवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. निकेल हळूहळू साचत जाऊन मिलिमीटरच्या सुमारे तीन-दशांश जाडीचा पत्रा तयार होतो. तो काचेपासून सोडविला की त्यावर सर्व काही उलटे उमटलेले असते; खळग्याच्या जागी उंचवटा. सोडविताना काचेवरील मूळ लेख नष्ट होतो. तेव्हापासून त्या खेळाचा एकमेव वारस हा पत्रा. कारागीर ह्याला 'फादर', म्हणजे पिता म्हणतात. पित्यावरून पुन्हा निकेल साचवून सुलटा पत्रा काढतात, ती 'मदर', म्हणजे माता. आणि मातेवरून जे उलटे पत्रे निघतात ते पुत्र. एका पित्यापासून अनेक माता, आणि एकेका मातेपासून अनेक पुत्र. मागणी थोडी असली तर पित्यालाच कामाला जुंपतात. मागणी मोठी असली तर पित्याला जपून ठेवतात आणि पुत्र यंत्रावर जातात. हे पुत्र म्हणजेच तबकडी दाबण्याचे ठसे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने पाहिलेल्या वाचकांना हा उलट-सुलट व्यवहार सहज कळेल. तेथेही लाकडी नमुन्यावरून वाळूचा साचा आणि साच्यावरून लोखंडी नग, असाच क्रम चालतो.

आता प्रत्यक्ष दाबण्याचे काम. पाण्याचे मोठे पारदर्शक जार ज्या पॉलिकार्बोनेटचे असतात, त्याचेच शुद्ध दाणे सुकवून तीनशे अंशांहून अधिक उष्णतेवर वितळवितात. तो रस ठशाच्या साच्यात प्रचंड दाबाने शिरतो, क्षणात थिजतो, आणि खळग्यांसह पारदर्शक तबकडी बाहेर येते. काँपॅक्ट डिस्कला ह्या कामी अवघे तीन-चार सेकंद लागतात. सत्तावीस किलोमीटरांची असो वा पाच, सारी रेघ एका दमात उमटते! एक ठसा झिजेपर्यंत अशा हजारो प्रती देतो.

पारदर्शक तबकडी किरण परतवू शकत नाही. म्हणून निर्वात पेटीत तिच्यावर धातूचा मुलामा चढवितात. काँपॅक्ट डिस्कवर हा मुलामा अॅल्युमिनियमचा असतो, त्यावर रोगण, आणि रोगणावर चित्र व नाव छापतात. म्हणजे तिचा सारा मजकूर चित्राच्या बाजूला, रोगणाखाली असतो. तेथे टोकदार पेनाने नाव लिहिणे हे चकचकीत बाजूवरील चऱ्यापेक्षाही घातक. डीव्हीडीच्या दोन अर्ध्या जाडीच्या चकत्या एकमेकींस चिकटवितात, त्यामुळे मजकूर मध्ये सुरक्षित राहतो. ब्लू-रेचा मजकूर मात्र वाचावयाच्या पृष्ठाखाली अवघा ०.१ मिलिमीटर असतो आणि त्यावर कठीण लेपाचे पातळ कवच दिलेले असते. भाच्याला आम्ही टूथपेस्टपासून परावृत्त केले ते ह्यासाठीच: घासण्याने ते कवचच जाते.

पहिल्या प्लेस्टेशनच्या तबकड्यांत एक मौजेची खूण असे. त्यांच्या काळ्या रंगामुळे नक्कल करता येत नाही अशी मुलांची समजूत होती. पण लेझरला तो रंग पारदर्शकच होता. खरी खूण रेघेच्या आरंभी होती. तेथे रेघ ठरावीक तालात किंचित डुलत जाई, आणि त्या डुलण्यात तबकडी कोणत्या प्रदेशासाठी आहे हे सांगणारी अक्षरे गुंफलेली असत. नक्कल करणाऱ्याचे यंत्र खळगे उतरून घेई, पण हे डुलणे त्याला उतरविता येत नसे. पित्याच्या अंगचे ते वळण केवळ त्याच्याच लेकरांत उतरे.

कारखान्यात तपासणीही कडक असते. कॅमेरा प्रत्येक तबकडीवरील डाग, बुडबुडे, वाकडेपणा पाहतो, आणि काही प्रती काढून त्यांची संपूर्ण परीक्षा घेतात. शिवाय तबकडीच्या मजकुरातच चुका दुरुस्त करण्याची सोय गुंफलेली असते. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्या दोघा अमेरिकनांनी मांडलेले गणित तिच्या मुळाशी आहे. मजकुराबरोबर काही जादा अंक पसरून लिहावयाचे, आणि काही अंक हरवले तर उरलेल्यांवरून ते हिशेबाने काढावयाचे. ह्या सोयीमुळे काँपॅक्ट डिस्कच्या रेघेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुटवडा पूर्णपणे भरून निघतो.

येथेच ह्या साऱ्या व्यवहारातील मर्म आहे. कॅमेरा आणि गणित हे दोघेही एकच प्रश्न विचारतात: ही प्रत पित्याप्रमाणे आहे काय? पिता स्वतः बरोबर आहे काय, हे त्यांना विचारता येत नाही. सुवर्णप्रतीत चूक राहिली, तर काच तिला जपते, निकेल तिला जपते, आणि दुरुस्तीचे गणितही, चरा पडला तरी, त्या चुकीचे निष्ठेने रक्षण करते.

असे घडलेले आहे. १९९९ च्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स ह्या अमेरिकन कंपनीला गोल्फच्या 'टायगर वुड्स ९९' ह्या प्लेस्टेशन-खेळाच्या सुमारे एक लाख प्रती परत बोलवाव्या लागल्या. तबकडीवर रिकामी जागा भरण्यासाठी कोणीतरी एक निरुपयोगी फाइल घातली होती. तिच्या नावातच 'डमी' हा शब्द होता. खेळताना ती दिसत नसे. पण तबकडी संगणकात घातली, तेव्हा ती फाइल म्हणजे एक व्यंग्यचित्रपट निघाला: प्रभू येशू आणि सांताक्लॉज ह्यांची मारामारी, आणि भाषा शिवराळ. मुलांच्या हाती जाणाऱ्या खेळात हे निघावे, ह्याने पालकांना काय वाटले असेल ते सांगावयास नको. कोण्या एकाने, कदाचित कंटाळून, कदाचित गंमत म्हणून केलेले ते काम. कारखान्याने ते लाखभर वेळा बिनचूक उतरविले.

दुसरा प्रसंग २००८ च्या ऑक्टोबरमधील. सोनीचा 'लिटल बिग प्लॅनेट' हा खेळ दुकानांत पोहोचला असतानाच असे लक्षात आणून दिले गेले की, त्याच्या पार्श्वसंगीतातील एका गीतात कुराणातील दोन वचने आहेत, आणि ती खेळाच्या संगीताबरोबर ऐकणे मुसलमान बांधवांना दुखवू शकेल. ते गीत माली देशातील तुमानी दियाबाते ह्या संगीतकाराचे, पूर्वीच प्रसिद्ध झालेले. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. तथापि सोनीने क्षमा मागितली, साऱ्या जगातून तबकड्या परत घेतल्या आणि ते शब्द वगळून नव्या दाबल्या. म्हणजे पुन्हा काच, पुन्हा पिता, पुन्हा माता. पुत्राला डागडुजी करता येत नाही. पितृत्वापासूनच नवी सुरुवात करावी लागते.

हे लिहिताना दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आम्ही जाणतो. आपले हे साप्ताहिकही एका पानावरून शेकडो पाने दाबूनच निघते. दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबातील कर्त्या पुरुषाच्या पुण्यस्मरणाच्या मिस्साची सूचना आमच्याकडे आली. त्या पानाची मुद्रिते आम्हीच तपासली होती. सायंकाळी ५.३० च्या जागी ७.३० छापले गेले, आणि आमच्या नजरेने ते जाऊ दिले. त्या माऊलीने जवळजवळ रिकाम्या मंदिरात पतीचे स्मरण केले. साडेसातला माणसे आली, तेव्हा दिवे मालवले होते. छापखान्याचा दोष काडीचाही नव्हता. प्रत्येक प्रतीत तो आकडा स्वच्छ, ठसठशीत उमटला होता. पुढील अंकात आम्ही दुरुस्ती छापली, तीही शेकडो प्रतींत. पण ती संध्याकाळ काही कोणी पुन्हा छापून देऊ शकले नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या बाईंनी चहा दिला आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून आम्ही आकडा बोट ठेवून, मोठ्याने वाचतो.

आता तबकडीचे दिवस उतरणीला लागले आहेत. खेळ तारांतून आणि हवेतून थेट घरी येतो, आणि २०२४ साली निघालेल्या प्लेस्टेशन ५ प्रो ह्या यंत्रात तबकडीचा खण मुळीच नाही. हवा असल्यास तो निराळा विकत घेऊन जोडावा लागतो. खेळात चूक राहिली तर मागाहून दुरुस्ती पाठविता येते. ही सोय मोठीच आहे. पण तिचा एक परिणाम असाही झाला की, अर्धेकच्चे खेळही बाजारात येऊ लागले, 'पुढे पाहता येईल' म्हणून. शिवाय तबकडी मित्राला उसनी देता येते, धाकट्या भावाला देता येते, विकताही येते; तारांतून आलेला खेळ बहुधा ज्याच्या नावावर त्याच्यापाशीच राहतो. आमच्या भाच्याला मित्राचा खेळ चार दिवस मिळाला तो तबकडी होती म्हणून; आणि त्याला काळजी लागली तीही तबकडी होती म्हणून.

त्याला आम्ही एवढेच शिकविले: तबकडी कडेने धरावी, मऊ, स्वच्छ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोलगोल पुसू नये, कारण वेढ्याच्या दिशेने गेलेला चरा सर्वांत वाईट, आणि काम झाले की तिला वेष्टनात ठेवावी. त्याने तसे पुसून ती यंत्रात घातली. खेळ सुरू झाला. कवचाने मार सोसला होता आणि उरलेले गणिताने सांभाळून घेतले होते.

"मग आता मित्राला काही सांगावयास नको," असे तो म्हणेल असे आम्हांला वाटले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याने आपण होऊन सांगितले, "मामा, आधी चरा दाखविला, मग तबकडी दिली." मित्र थोडा रागावला, पण त्याने पुढला खेळ देण्याचे कबूल केले आहे. वेष्टनासह, अशी अट घालून!